‘फ्योल्किश’ : एका विशेषणाचा इतिहास

जर्मन भाषेतील ‘फ्योल्किश’ या विशेषणाला मराठी प्रतिशब्द शोधू लागलो म्हणजे ‘राष्ट्रीय’, ‘लोकीय’, ‘वांशिक’ असे एकेक शब्द पुढे येतात आणि तितक्याच लवकर मागे सारावे लागतात. कारण लोक या अर्थाच्या ‘फोल्क’ या साध्या, घरगुती नामापासून हे विशेषण साधलेले असले, तरी लोक कोणास म्हणावे याचा निवाडा ते मुलखावरून वा कायद्यावरून न करता रक्तावरून करू लागले.

आरंभीचा हेतू भाषाशुद्धीचा होता. १८७१ च्या साम्राज्यस्थापनेनंतर परकीय शब्दांच्या हकालपट्टीची जी हौस जर्मनीत बळावली, तिच्या भरात १८७५ साली हेर्मान फोन फिस्टर यांनी लॅटिन कुळीच्या ‘नात्सिओनाल’ऐवजी हे विशेषण सुचवले, परंतु शतक संपता संपता ते ज्यूद्वेष्ट्यांच्या मंडळांचे बिरुद होऊन बसले. १९१९ साली म्युनिकच्या एका किरकोळ वृत्तपत्राने ते आपल्या नावात घेतले, पुढल्याच वर्षी नाझी पक्षाने ते पत्र खरीदले, आणि हा शब्द फार मोघम आहे अशी तक्रार स्वतः हिटलरने आपल्या ग्रंथात केली असूनही ‘फ्योल्किशर बेओबाख्टर’ हे नाव १९४५ पर्यंत छापले जात राहिले.

तो मोघमपणा कारभाराला मात्र परवडणारा नव्हता. रक्त डोळ्यांना दिसत नाही. म्हणून १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी आजाआजींची मोजदाद मांडली, आणि चौघांपैकी तिघे ज्यू निघाले की माणूस ज्यू ठरू लागला. आपण ‘आर्य’ आहोत असा दाखला मिळवण्यासाठी कारकून, शिक्षक, वकील पाद्र्यांच्या दप्तरांतून आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी उतरवून आणू लागले. वंश ठरवावयाचा आणि पुरावा धर्माचा, ही विसंगती कायदा करणाऱ्यांना अडली नाही.

२०१६ साली जर्मनीतील उजव्या ‘एएफडी’ पक्षाच्या तत्कालीन नेत्या फ्राउके पेट्री यांनी या शब्दाला पुन्हा चांगला अर्थ यावा असे म्हटले, तेव्हा जर्मनीत गहजब उडाला. तो मला सर्वथा यथायोग्य वाटतो.

बर्लिनच्या संसदभवनाच्या दर्शनी भागी त्याच मूळच्या ‘फोल्क’ शब्दाचा, ‘जर्मन लोकांस’ अशा अर्थाचा लेख १९१६ साली बसवला गेला. त्याची कांस्याक्षरे नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत हस्तगत केलेल्या दोन फ्रेंच तोफा वितळवून घडवलेली आहेत. ती लोएवी नावाच्या ज्यू कुटुंबाच्या ओतशाळेत ओतली गेली, आणि त्याच कुटुंबातील काही माणसे पुढे नाझी अमलात मारली गेली.