रीलमधले भेटकार्ड घरी का बिघडते? हाताने शुभेच्छापत्र बनवण्यामागचे कागदाचे गणित

वाढदिवस, दिवाळी, संक्रांत किंवा लग्नाचा वाढदिवस जवळ आला की समाजमाध्यमांवर हाताने बनवलेल्या भेटकार्डांचे व्हिडिओ दिसू लागतात. तीस सेकंदांत कागद कापला जातो, घडी पडते, फुले चिकटतात आणि कार्ड तयार होते. तेच घरी करायला गेले की घडीवर कागद तडकतो, गोंद वाळल्यावर कार्ड वाकडे होते, पॉप-अप बाहेर डोकावते, आणि शेवटी कार्ड पाकिटात मावत नाही.

अशा वेळी बहुतेकांना वाटते की आपला हातच चांगला नाही किंवा महागडी साधने नाहीत. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याचशा चुका सजावट सुरू होण्याआधीच झालेल्या असतात. कोणता कागद घेतला, तो कोणत्या दिशेने दुमडला आणि त्यावर किती ओला गोंद लावला, यावर कार्ड टिकणार की नाही हे ठरते.

भेटकार्ड पाठवण्याची पद्धत कधी सुरू झाली?

छापील नाताळ कार्डाची सुरुवात १८४३ मध्ये लंडनमध्ये झाली असे मानले जाते. हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याला इतक्या परिचितांना वेगवेगळी पत्रे लिहायला वेळ नव्हता. त्याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतले. ते छापून वर हाताने रंगवण्यात आले आणि उरलेली कार्डे एक शिलिंगला विकली गेली. त्याआधी तीनच वर्षे, म्हणजे १८४० मध्ये, ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय झाली होती. टपाल स्वस्त झाले म्हणून कार्डाची प्रथा पसरली.

महाराष्ट्रात दिवाळीच्या शुभेच्छापत्रांबरोबरच संक्रांतीला तिळगुळाच्या चार दाण्यांसह छोटे कार्ड टपालाने पाठवण्याची पद्धत होती. फोनवरच्या संदेशांनी ती मागे पडली. म्हणूनच आज हाताने बनवलेले कार्ड आले की ते कपाटात जपून ठेवले जाते.

कार्डासाठी कोणता कागद घ्यावा?

स्टेशनरीच्या दुकानात कागद मागताना ‘जीएसएम’ हा शब्द ऐकू येतो. त्याचा अर्थ एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. तो कार्डासाठी फार पातळ पडतो, कार्ड उभे राहत नाही. साध्या घडीच्या कार्डासाठी २२० ते ३०० जीएसएमचा कागद सोयीचा. वर चिकटवायच्या फुलापानांना १२० ते १८० जीएसएम पुरतो. क्विलिंगच्या पट्ट्या त्याहूनही पातळ कागदाच्या असतात.

रंगीत कार्डशीट घेताना एक कोपरा फाडून पाहावा. काही कागद आतपर्यंत एकाच रंगाचे असतात, तर काहींचा फक्त वरचा थर रंगीत आणि आतला भाग पांढरा असतो. दुसऱ्या प्रकारात घडीवर हमखास पांढरी रेघ उमटते. गडद लाल किंवा काळ्या कार्डावर ती लगेच दिसते.

घडीवर कागद का तडकतो?

यंत्रावर कागद तयार होताना ओला लगदा वेगाने पुढे सरकत असतो. त्यामुळे त्यातले बहुतेक तंतू यंत्राच्या दिशेला समांतर झोपतात. तंतूंच्या या दिशेला छपाईच्या व्यवसायात ‘ग्रेन’ म्हणतात. ग्रेनला समांतर घडी घातली तर ती तंतूंच्या मधून जाते आणि सरळ बसते. ग्रेनला आडवी घडी घातली तर तंतूच मोडतात आणि जाड कागद खरखरीत होऊन तडकतो.

हा फरक पाहायचा असेल तर जुने वर्तमानपत्र घ्यावे. बहुतेक वर्तमानपत्रे उभी फाडली तर जवळजवळ सरळ फाटतात, आडवी फाडली तर वेडीवाकडी.

कार्डशीटचा ग्रेन ओळखण्यासाठी फाडायचीही गरज नसते. कागद घडी न घालता आधी लांबीच्या आणि मग रुंदीच्या बाजूने हलकेच वाकवायचा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्याच बाजूने घडी घालायची. शंका राहिली तर छोटा तुकडा एका बाजूने ओला करावा. तो नळीसारखा वळतो आणि त्या नळीची लांबी ग्रेनची दिशा दाखवते.

याचा उपयोग कापतानाच होतो. ए-४ कागदाच्या लांब बाजूला ग्रेन समांतर असेल आणि त्यातून दोन छोटी कार्डे काढायची असतील, तर दोन मार्ग आहेत. कागद आडवा मधोमध कापून प्रत्येक अर्ध्याची घडी घातली, तर घडी ग्रेनला समांतर येते. तोच कागद उभा चिरून लांबट पट्ट्या केल्या आणि त्या मधोमध दुमडल्या, तर घडी ग्रेनला आडवी येते. दोन्ही कार्डे सारख्याच मापाची होतात, पण पहिले नीट मिटते आणि दुसरे तडकण्याची शक्यता असते.

हातकागदाचे काय?

साच्यावर हाताने उचललेल्या कागदात लगदा चारही बाजूंना हलवला जातो. त्यामुळे तंतू सगळ्या दिशांना विखुरतात आणि ठळक ग्रेन राहत नाही. असा कागद कोणत्याही दिशेने दुमडता येतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० मध्ये के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने हातकागद संस्था सुरू झाली. तिथे लाकडाऐवजी सुती चिंध्यांपासून कागद केला जातो. सुती तंतू लांब असल्याने असा कागद मजबूत असतो आणि लवकर पिवळा पडत नाही.

मात्र त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो. काही प्रकारांवर स्केचपेनची शाई पसरते. म्हणून मजकूर लिहिण्याआधी त्याच कागदाच्या तुकड्यावर पेन चालवून पाहावे.

घडी घालण्याची योग्य पद्धत कोणती?

जाड कागद थेट हाताने दुमडू नये. आधी पट्टी ठेवून घडीच्या जागी एक खाच दाबून घ्यावी. याला स्कोअरिंग म्हणतात. त्यासाठी बोन फोल्डर नावाची बोथट टोकाची पट्टी मिळते. ती नसेल तर शाई संपलेले बॉलपेन किंवा विणकामाची बोथट सुई चालते. कटरने रेघ मारू नये, त्याने वरचे तंतू कापले जातात आणि घडी तिथेच फाटते.

दाबल्यावर कागदाच्या एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला किंचित उंचवटा तयार होतो. इथे अनेकांची गफलत होते. खाच आतल्या बाजूला ठेवावी असे वाटते, पण उंचवटा आत आणि खाच बाहेर ठेवून दुमडायचे असते. तसे केल्याने बाहेरच्या थरावर ताण कमी येतो आणि घडी तडकत नाही. शेवटी घडीवर कोरा कागद ठेवून त्यावरून बोन फोल्डर किंवा चमच्याची पाठ फिरवावी. थेट घासले तर गडद कागदावर चकचकीत डाग उमटतो.

कार्ड आधी की पाकीट?

आधी पाकीट ठरवावे. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. त्याचा अर्धा भाग ए-५ आणि तो दुमडला की ए-६, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर. त्यासाठी सी-६ आकाराचे पाकीट असते, ११४ बाय १६२ मिलिमीटरचे. बाजूंना सुटणारी ही जागा कार्ड सहज आत-बाहेर होण्यासाठी लागते. मनाला येईल तो चौकोन कापला तर पाकीटही घरीच बनवावे लागते. तेव्हा पाकिटाचे माप कार्डापेक्षा दोन्ही बाजूंनी किमान ६ मिलिमीटर मोठे धरावे आणि कार्ड जाड असेल तर आणखी वाढवावे.

कोणती साधने खरोखर लागतात?

सुरुवातीला पाच वस्तू पुरतात: स्टीलची पट्टी, पाते तोडता येणारा कटर, छोटी टोकदार कात्री, घडीसाठी बोथट साधन आणि कटिंग मॅट. प्लॅस्टिकच्या पट्टीची कड कटरने सोलली जाते आणि मग रेघ सरळ येत नाही. मॅट नसेल तर खाली जाड पुठ्ठा ठेवावा. काचेवर पाते घसरते. जाड कागद एकाच दमात कापण्याऐवजी तीन-चार हलके फटके मारावेत आणि पट्टी धरलेली बोटे पात्याच्या वाटेत येऊ देऊ नयेत. बोथट पाते जास्त धोकादायक असते, कारण त्यावर जोर द्यावा लागतो. लहान मुलांकडून कार्ड करून घेताना कटरचे काम मोठ्यांनीच करावे.

आकाराचे पंच, डाय कटिंग मशीन, एम्बॉसिंग फोल्डर या वस्तू नंतरच्या. एकच आकार पन्नास वेळा कापायचा असेल तरच त्यांचा खर्च वसूल होतो.

गोंद वाळल्यावर कार्ड वाकडे का होते?

फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात पाणी असते. पाणी शोषल्यावर तंतू जाडीला फुगतात आणि वाळताना आकसतात. कागदाची एकच बाजू ओली झाली की तो वळतो. उपाय साधा आहे. गोंद मोठ्या कार्डाला न लावता छोट्या तुकड्याला, तोही पातळ थरात लावावा, मग दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तके रचावीत.

मोठा कागद चिकटवायचा असेल तर दुहेरी टेप बरी. ती एकदा चिकटली की हलत नाही. म्हणून टेपवरचा कागद फक्त कोपऱ्यांपाशी सोलून बाहेर दुमडावा, तुकडा नीट जागेवर बसवावा आणि मग उरलेला कागद ओढून काढावा. फोटो किंवा जपून ठेवायचा कागद साध्या सेलोटेपने लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि डाग मागे राहतो.

सजावटीची कोणती तंत्रे घरी जमतात?

कोरडे एम्बॉसिंग सर्वांत स्वस्त. स्टेन्सिल खिडकीच्या काचेवर चिकटवायचे, त्यावर कागद धरायचा आणि उजेडात दिसणाऱ्या कडेवरून बोथट टोक फिरवायचे. कागद उलटला की आकार उठून दिसतो. उष्णतेच्या एम्बॉसिंगमध्ये हळू वाळणाऱ्या शाईवर पावडर टाकून ती वितळवतात. त्यासाठी हीट गन लागते. हेअर ड्रायरने पावडर वितळण्याआधी उडून जाते.

क्विलिंगमध्ये साधारण ३ ते ५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या गुंडाळून फुले, पाने, मोर केले जातात. पट्टीची रुंदी हीच सजावटीची उंची होते. त्यामुळे असे कार्ड डब्यातून द्यावे लागते, साध्या पाकिटात ते चेपते.

पॉप-अपचा सोपा प्रकार म्हणजे पायरी. कार्ड मिटलेले असताना घडीकडून आत दोन समांतर काप द्यायचे, मधली पट्टी आत ढकलायची आणि तिच्यावर चित्र चिकटवायचे. कार्ड मिटल्यावर ही पट्टी घडीपासून कापाच्या दुप्पट अंतरावर पोचते. म्हणजे ४० मिलिमीटरचा काप असेल तर पट्टी ८० मिलिमीटरपर्यंत येते. ए-६ कार्डाचे पान १०५ मिलिमीटर रुंद असल्याने ती आत राहते. काप ५५ मिलिमीटरचा दिला तर ती ११० मिलिमीटरवर जाते आणि बंद कार्डातून बाहेर डोकावते. काप पानाच्या निम्म्याहून कमी, हा नियम यातूनच येतो. वर चिकटवलेले चित्रही याच मर्यादेत बसले पाहिजे.

टपालाने पाठवताना काय पाहावे?

भारतीय टपालात साध्या पत्राचे शुल्क २० ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढते. एका चौरस मीटरमधून १६ ए-४ कागद निघतात. त्यामुळे ३०० जीएसएमचा एक ए-४ कागदच सुमारे १९ ग्रॅम भरतो. पाकीट आणि सजावट धरली की पहिला टप्पा ओलांडला जातो. अर्ध्या कागदाचे ए-६ कार्ड मात्र सुमारे साडेनऊ ग्रॅमचे. पाकिटाचे चार-पाच ग्रॅम मिळवूनही सजावटीला जागा उरते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून मगच तिकिटे लावावीत. मणी, आरसे, कुंदन यांसारखे कठीण नग पाकिटात असतील तर शिक्का मारताना पाकीट फाटू शकते.

सुट्या प्लॅस्टिक चमकीचाही विचार करावा. सूक्ष्म प्लॅस्टिक पसरते म्हणून युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून तिच्या विक्रीवर निर्बंध आणले आहेत. चमकी किंवा प्लॅस्टिकचा थर असलेले कार्ड रद्दीतून पुन्हा कागद करण्याच्याही कामाचे राहत नाही. सोनेरी जेल पेन किंवा धातूच्या रंगाचा कागद वापरला तर निदान चमकी घरभर सांडत नाही.

सुरुवात कुठून करावी?

पहिले कार्ड एकाच रंगाच्या कागदाचे, एका घडीचे आणि एकाच सजावटीचे करावे. क्रम असा: पाकीट निवडणे, ग्रेन पाहून कापणे, खाच दाबणे, घडी घालणे, मजकूर लिहिणे आणि सर्वांत शेवटी सजावट चिकटवणे. मजकूर आधी लिहिण्याचे कारण व्यवहारी आहे. लिहिताना चूक झाली तर फक्त एक कोरा कागद वाया जातो, तासभर बसून गुंडाळलेली फुले नाहीत.