मित्राचे सुतक



डिसेंबर १९९८ च्या पहिल्या आठवड्यात आपल्या सुरतेतल्या राजपॅलेस आणि राजमहाल या दोन चित्रगृहांत बजरंग दलाचे लोक लाठ्या घेऊन शिरले. हाताला लागेल ते त्यांनी फोडले आणि घाबरलेल्या प्रेक्षकांना बाहेर काढले. मुंबईतही तेच चालले होते. चित्रपट होता दीपा मेहता यांचा ‘फायर’, एकाच घरात नांदणाऱ्या दोन जावांच्या प्रेमाचा. सेन्सॉरने तो एकही दृश्य न कापता संमत केला होता; हिंदी आवृत्तीत फक्त ‘सीता’ची ‘नीता’ झाली होती. दंग्यानंतर तो पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये पुन्हा न कापताच परत आला.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते दिवस आठवत असतील. आमच्या घरी त्या आठवड्यात वर्तमानपत्राचे ते पान घडी घालून कपाटावर ठेवले गेले, एवढे मला आठवते. कुणी काही बोलले नाही. आजचा विषय त्या न बोलण्याचाच आहे. फक्त मी बायकांकडून पुरुषांकडे वळणार आहे, कारण पुरुषांच्या बाबतीत हे न बोलणे अधिक सोपे आणि म्हणून अधिक जुने आहे. दोन मुलगे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून चौकातून गेले तर कुणाची भुवई उंचावत नाही. लंगोटीयार, जिवलग, जिगरी असे शब्द भाषेत तयार आहेत. मैत्रीचे पांघरूण इतके ऐसपैस की त्याखाली काय आहे हे कुणी विचारत नाही. ज्याला सांगायचे असते त्यालाही मग ते बाजूला सारता येत नाही.

एकदा मात्र ते छापील पानावर बाजूला झाले होते, तेही गुजरातीत. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून निघत होते. त्याच्या एका गुजराती अंकात वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरे दिली होती, त्यांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण मला त्या निकालापेक्षा प्रश्न पाठवणारे महत्त्वाचे वाटतात. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी दिव्याखाली बसून ते पत्र लिहिले होते. नैराश्याचा इतिहास लिहायचा तर तो अशा पत्रांपासून सुरू करावा लागेल.

नाटकाने हे चित्रपटाच्या आधी केले. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये आले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी मित्रा उभी केली. इथली मित्रा ही मुलगी, सुमित्रा. तिचे प्रेम नमा नावाच्या मुलीवर. गोष्ट सांगतो बापू, जो मित्राचा सोबती आहे आणि ज्याचे मित्रावरचे प्रेम शेवटपर्यंत अर्धवट बोललेलेच राहते. मित्रा आत्महत्या करते. तेंडुलकरांचे धाडस मी कमी लेखत नाही, पण त्या शेवटाने पुढच्या पिढीला एक वाईट सवय लावली असे माझे मत आहे: अशा माणसाची गोष्ट सांगायची तर ती त्याच्या मरणापर्यंत न्यायची. दुसऱ्याच वर्षी जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मध्ये आश्रमातल्या दोन स्त्रियांचे नाते आले, पण कथेच्या कडेकडेने. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरी २००६ ची. त्यात एकाच भाडेकरूवर भाऊ आणि बहीण दोघांचा जीव जडतो. तिच्यावरचा चित्रपट २०२२ मध्ये आला तो हिंदीत, आणि कथा पुण्याहून कोचीला गेली. पुण्याच्या वाड्यातली ती कुजबुज समुद्रकाठी नेल्यावर पातळ झाली, असे मला तरी वाटले.

याच काळात डॉक्टरी आणि कायदाही बदलत होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडे कलम ३७७ ची धार ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काढली. म्हणजे आजार हे प्रेम नव्हे. ते कुणाला सांगता न आल्याने जे मनात साचते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, त्याला मात्र उपचार लागतात.

आता घरातली एक गोष्ट सांगतो. आमचे एक काका अमळनेरहून सुरतेत आले, उधन्याला यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम झाले. ताप्ती खोऱ्याच्या लाइनने वर्षातून दोनदा गावी जात. तिथे त्यांचा शाळेपासूनचा मित्र होता. बोरी नदीत दोघे एकत्र पोहायला शिकले होते. तो मित्र अचानक गेला. तार आली तेव्हा काका जेवत होते. त्यांनी हात धुतला आणि थोरल्या भावाला विचारले, “मला सुतक धरायचं का?” भाऊ हसले. “मित्राचं कसलं आलंय सुतक?” भावकीतला तोंडही न पाहिलेला चुलता गेला तर दहा दिवस देवपूजा बंद, आणि इथे आंघोळ केली की झाले. त्यानंतर वर्षभर काका घरात असून नसल्यासारखे होते. डॉक्टरांनी अशक्तपणावरच्या गोळ्या दिल्या. त्यांच्या मनात जे होते त्याला त्यांच्या माघारी नाव देण्याचा अधिकार मला नाही.

रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ पाहताना मला काकांचा तो प्रश्न आठवत राहिला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. तिथे बालपणीचा मित्र बाळ्या आहे, शेती करणारा. दोघांच्याही मागे लग्नाचा लकडा आहे. नातेवाइकांना सांगायचे कारण आनंदची आईच जुळवून ठेवते, कारण तिला सगळे ठाऊक आहे आणि तिला मुलगा हवा आहे. कानवडे यांनी स्वतःच्या वडिलांच्या दहा दिवसांत, गावच्या माणसांनी वेढलेले असताना, इथे आपला एखादा मित्र असता तर, अशी कल्पना केली होती. चित्रपट तिथून निघाला. त्यात पार्श्वसंगीत नाही. सूतक माणसाला जागेवर बसवते, काय खायचे काय नाही ते सांगते, आणि रडायला परवानगी देते. बापाच्या दुःखाला मिळालेल्या त्या परवानगीच्या आडोशाला हे दोघे आपले दुःखही उतरवून ठेवतात. कुणी मरत नाही. ‘मित्राची गोष्ट’पासून इथवर यायला चव्वेचाळीस वर्षे लागली.

जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेलेला हा पहिला मराठी चित्रपट; तिथे त्याला जागतिक कथाचित्रपट विभागातला सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो देशातल्या चित्रगृहांत लागला. लाठ्या निघाल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही. माझी तक्रार एकच आहे: बाळ्याच्या घरात डोकावायला चित्रपट कमी वेळ देतो. आनंदला निदान मुंबई आहे. बाळ्याचा एकटेपणा अधिक खोल असणार, आणि गावोगाव बाळ्यांचीच संख्या जास्त.

काकू अजून आहेत. मी त्यांना चित्रपटाची गोष्ट सांगितली, निम्मीच, त्यांच्या वयाचा मान ठेवून. भाजी निवडता निवडता त्यांनी ऐकली. मग म्हणाल्या, “ह्यांनी तेव्हा दहा दिवस दाढी केली नव्हती. चपलासुद्धा घालत नव्हते. मला वाटलं, कारखान्यात काही बिनसलं असेल.”