परळच्या प्रयोगशाळेंतील पथ्य

गरोदर स्त्रीच्या खाण्यापिण्यासंबंधीं आपल्या घरांतून जितके नियम सांगितले जातात तितके दुसऱ्या कोणाविषयीं क्वचितच सांगितले जात असतील. पपई नको, अमुक उष्ण, तमुक वातूळ! काय खाऊं नये ह्याची यादी मोठी. पण काय न मिळाल्यामुळें प्राणावर बेततें, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नसे. तो ज्यांनीं मुंबईंत विचारला त्या विदुषी इंग्रज होत्या. त्यांचें नांव डॉ. ल्यूसी विल्स.

विल्सबाईंचा जन्म १८८८ सालचा. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकून त्या पुढें लंडनमध्यें वैद्यकाकडे वळल्या, आणि १९२८ सालीं मुंबईस आल्या. बाळंतपणाच्या निमित्तानें मृत्यु पावणाऱ्या स्त्रियांसंबंधीं इंडियन रिसर्च फंड असोसिएशननें चौकशी आरंभिली होती. तिचें काम परळच्या हाफकिन संस्थेंत चाले. भोंवतालीं सारें गिरणगांव. तेथील गरीब स्त्रियांत गरोदरपणीं एक दारुण पंडुरोग दिसे. चेहरा पांढराफटक, पायांस सूज, दोन पावलें चालतां धाप. आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावें तों रक्तांतील तांबड्या पेशी संख्येनें थोड्या, परंतु आकारानें नेहमीपेक्षां मोठ्या! लोहाच्या अभावीं होणाऱ्या पंडुरोगांत पेशी लहान होतात. तेव्हां हा रोग निराळा, हें उघड होतें. कित्येक बायका त्यांतच दगावत.

जंतूंचा माग काढून पाहिला, तो व्यर्थ गेला. मग घरोघरचें अन्न तपासणें आलें. एस. एन. तळपदे यांच्यासह केलेली मुंबईच्या स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी १९३० सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांच्या ताटांत फळें व ताजी भाजी केवळ नांवालाच, त्यांच्याकडेच संशयाचें बोट वळत होतें. विल्सबाईंनीं तशाच निकस अन्नावर उंदीर ठेवले. त्यांसही पंडुरोग झाला, व यीस्ट दिल्यास तो टळे. पण उंदरांच्या अंगावरील उवांनीं पसरलेल्या एका जंतूनें त्या प्रयोगांत घोटाळा केल्याचें मागाहून उघडकीस आलें. शास्त्राच्या इतिहासांत अशा उवा पुष्कळ निघतात! बाईंनीं पुढें माकडांवर प्रयोग केले, व माग सोडला नाहीं.

अमेरिकेंत मिनॉट व मर्फी यांनीं १९२६ सालीं असाध्य पंडुरोगावर काळजाचें पथ्य यशस्वी करून दाखविलें होतें. परंतु रोज पाव-पाव शेर काळीज चाळींतल्या बाईस कोठून मिळावें? आणि मिळालें तरी कित्येक घरांत तें शिजणार कसें? विल्सबाईंनीं मार्माइट हा पदार्थ निवडला. दारूच्या भट्टींतील यीस्टपासून इंग्लंडांत तयार होणारा हा काळा, खारट अर्क. पावास लावून खाण्याचा. तो पोटांत जाऊं लागतांच थोड्याच दिवसांत रक्तांत नव्या पेशी दिसूं लागत, अन्नाची वासना परत येई. हा वृत्तांत १९३१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें आला.

त्याहूनही मोलाचें असें एक निरीक्षण त्यांनीं पुढें नोंदविलें. शुद्ध केलेला काळजाचा अर्क असाध्य पंडुरोगास उतारा होई. ह्या स्त्रियांस मात्र तो लागू पडेना. अर्थात् यीस्टमधील गुणकारी द्रव्य वेगळेंच होतें. त्यास ‘विल्स घटक’ म्हणूं लागले. १९४१ सालीं टेक्सास विद्यापीठांत चार टन पालकाच्या पाल्यापासून एक द्रव्य चिमूटभर काढण्यांत आलें. पानास लॅटिनमध्यें ‘फोलियम्’ म्हणतात, म्हणून त्याचें नांव फॉलिक ॲसिड. तें कृत्रिम रीतीनें तयार झाल्याचें १९४५ सालीं जाहीर करणारी मंडळी लेडर्ली प्रयोगशाळेंतील होती, व तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रांतील भीमवरम् गांवीं जन्मलेले यल्लाप्रगड सुब्बाराव. काळजांतील दुसरें द्रव्य, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ सालीं हातीं आलें. ही दोन द्रव्यें एकमेकांची जागा घेत नाहींत. ब-१२ ची उणीव असतां नुसतें फॉलिक ॲसिड दिल्यास रक्त सुधारतें, पण मज्जातंतूंची हानि आंतल्या आंत चालूच राहते.

पालेभाजी, डाळी व उसळी ह्यांत फॉलिक ॲसिड विपुल असतें. मात्र भाजी फार वेळ उकळून तिचें पाणी ओतून दिलें कीं त्याचा बराच भाग मोरींत जातो. भारतांत गरोदर स्त्रियांस लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वांटण्याची सरकारी योजना १९७० सालीं सुरू झाली. विल्सबाई १९६४ सालींच निवर्तल्या होत्या.