कलम 28 आणि टिपाई

आमच्या तालुक्याचं नाव केळापूर, पण कचेरी, कोर्ट, बाजार सगळं पांढरकवड्यात. केळापूरच्या वाट्याला जगदंबेचं देऊळ आणि नवरात्रातली गर्दी. त्याच कोर्टात माझी वकिली गेली, त्यामुळे जंगल मी आधी कागदावर वाचलं. चराईची भांडणं, जप्त केलेल्या बैलबंड्या, सागवानाचे पंचनामे.

निजामाकडून 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे आला. आमचा जिल्हा तेव्हा वणीच्या नावानं ओळखला जाई, 1905 मध्ये तो यवतमाळ झाला. साहेबानं जंगलाचे तीन वर्ग पाडले: अ वर्ग लाकडासाठी, ब वर्ग चाऱ्यासाठी, क वर्ग चराईसाठी. रमणे आणि बाभूळबनं ब वर्गात. झाड, गवत, गुरं सगळ्यांचा हिशेब लागला. माणूस रानात नुसता मन रमवायलाही जातो, हे मात्र कोणत्याच वर्गात बसलं नाही. साहेबाला शिकार होती, त्याला वेगळा वर्ग लागत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर देशपातळीवर विचार सुरू झाला. 1952 मध्ये वन्यजीव मंडळ आलं. 1955 मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं; तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, पुढच्या वर्षी व्याघ्र प्रकल्प (मेळघाट पहिल्या नवांत), 1983 चा राष्ट्रीय कृती आराखडा. आमच्यापर्यंत हे सगळं पोचायला 1997 उजाडलं. त्या वर्षी टिपेश्वर अभयारण्य झालं, सुमारे 148 चौरस किलोमीटरचं.

नाव टिपाई देवीवरून. तिचं देऊळ आतच आहे. भोवती गोंड आणि कोलामांची वस्ती; कोलामांच्या वाडीला इकडे पोड म्हणतात. देवीला जायचं, नवस फेडायचा, झाडाखाली भाकरी खायची, पोरांनी ओढ्यात हुंदडायचं. याला ‘सहल’ कुणी म्हणत नसे, पण सहल दुसरी काय असते? पुढे टिपेश्वर आणि मारेगाव ही आतली गावं उठून बाहेर वसली आणि सुन्ना, माथणीच्या गेटांवर जिप्सी उभ्या राहिल्या. वाघ वाढले, ते वाढायलाच हवे होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती 1972 च्या त्या कायद्यातल्या कलम 28 बद्दल. अभयारण्यात जायचा परवाना कशासाठी मिळतो, ते तिथं लिहिलंय: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्याशी कायदेशीर व्यवहार. देवदर्शन नाही. म्हणजे टिपाईच्या लेकरानं कागदोपत्री पर्यटक व्हायचं! प्रत्यक्षात नाकेदार समजुतीनं घेतो, पण समजूत म्हणजे हक्क नव्हे. साहेब बदलला की तीही बदलते.

आखलेल्या हद्दी वाघालाही पटत नाहीत. टिपेश्वरात जन्मलेल्या एका नराला 2019 च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला, तेलंगणात शिरला, परतला, शेतं-रस्ते ओलांडत वर्षअखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी पायपीट मिळून 3,000 किलोमीटरच्या आसपास. वर्तमानपत्रांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं. त्याच्या आदल्या वर्षीच, 2 नोव्हेंबर 2018 ला, पांढरकवडा वनविभागातल्या अवनी वाघिणीला राळेगाव तालुक्यात गोळी घातली होती. दिल्ली-मुंबईच्या लोकांनी तिच्यासाठी मेणबत्त्या लावल्या. इकडे वाघाच्या हल्ल्यात ज्यांच्या घरची माणसं गेली होती, ते कापसाच्या शेतात एकटं जायला घाबरत होते. देश उद्यानांचा विचार करतो तो या दोन टोकांतून, मधला पोडावरचा माणूस त्यात बोलतच नाही.

कायदा बदलत नाही, असंही नाही. 2022 च्या दुरुस्तीत संसदेनं नेमक्या याच कलम 28 ला हात घातला. छायाचित्रणाच्या जोडीला चित्रपटनिर्मिती आली, अधिवासाला धक्का लागू नये या अटीवर. त्याच अटीवर दर्शनाची एक ओळ सहज बसली असती. मसुदा मला सांगितला असता तर कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टकडून तासाभरात करून दिला असता.