दिनविशेष : २२ फेब्रुवारी

भारत-मॉरिशस व्यापार करार (२०२१)

२२ फेब्रुवारी २०२१ रोजी पोर्ट लुईस येथे भारत व मॉरिशसने सर्वंकष आर्थिक सहकार्य आणि भागीदारी करारावर सह्या केल्या. मॉरिशसचे तत्कालीन पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ आणि भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर उपस्थित होते. आफ्रिकेतील देशाशी भारताचा असा हा पहिलाच करार. भारताच्या ३१० आणि मॉरिशसच्या ६१५ वस्तूंना त्यात सवलती मिळाल्या. सवलतीच्या यादीत मॉरिशसची खास साखरही आहे! ती ठरावीक कोट्यापुरतीच असली, तरी प्रवरानगर-संगमनेरच्या ऊसपट्ट्याने तिच्यावर नजर ठेवायला हवी. तिकडच्या उसाच्या मळ्यांत राबलेल्या गिरमिटियांत, म्हणजे करारबद्ध मजुरांत, मराठी माणसेही होती; गणेश चतुर्थीनिमित्त तिथे आजही सार्वजनिक सुटी असते. हा व्यापार करार १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला.