अपवाद : निंदेचा आणि नियमाचा

'वद्' म्हणजे बोलणे. त्याला 'अप' हा उपसर्ग लागला की विरुद्ध बोलणे, निंदा. सीतात्यागाच्या कथेतला लोकापवाद तो हाच. प्रोग्राममध्ये एक्सेप्शन, म्हणजे मराठीत अपवादच, आला की आपल्यालाही आधी हाच अर्थ आठवतो : काहीतरी बिघडले, झाकून टाका.

संस्कृत वैयाकरणांचा अपवाद निराळा. सर्वत्र लागणारा नियम तो उत्सर्ग, त्यातल्या काही जागांपुरता नेमका नियम तो अपवाद, आणि दोघे समोरासमोर आले तर अपवाद जिंकतो. नियमांच्या अशा भांडणांचा निवाडा काशीत राहिलेल्या नागेशभट्ट काळे यांनी 'परिभाषेन्दुशेखर'मध्ये केला. पाणिनीच्या चौथ्या अध्यायातली अपत्यवाचक नावे पाहा. उपगूचा मुलगा औपगव, हा सामान्य नियम. अकारान्त नावांना वेगळा प्रत्यय, म्हणून दशरथाचा दाशरथि. वसुदेवही अकारान्तच, तरी त्याचा मुलगा वासुदेवि होत नाही. वृष्णिकुळासाठी आणखी नेमका नियम आहे, म्हणून वासुदेव. अपवादाच्या पोटात अपवाद!

स्वतःचा एक्सेप्शन क्लास लिहिणे म्हणजे हेच काम. उदाहरणार्थ, मुंबईची उपनगरी लोकल 2013 पासून डहाणू रोडपर्यंत येते. पुढचे घोलवड त्याच रुळांवर, पण लोकलच्या हद्दीबाहेर. लोकलचा मार्ग सांगणाऱ्या प्रोग्रामला कोणी 'चर्चगेट ते घोलवड' विचारले, तर 'चुकीचे स्टेशन' असा सरसकट एक्सेप्शन फेकणे खोटे ठरेल. घोलवड स्टेशन तर आहेच. तिथे मूळ एक्सेप्शन क्लासचा वारसा घेणारा 'लोकलहद्दअपवाद' क्लास करावा आणि लोकलचे शेवटचे स्टेशन त्यातच ठेवावे. मग तो पकडणारा कोड प्रवाशाला सांगू शकतो : लोकल डहाणू रोडपर्यंतच, पुढे दुसरी गाडी बघा. पायथन आणि जावा, दोन्हींत असे देवनागरी नाव चालते.

पकडण्याचा क्रमही वैयाकरणांच्याच रीतीचा : नेमका आधी, सरसकट नंतर. उलटे लिहिले तर जावाचा कंपायलर ते नाकारतो. पायथन चालवून घेतो, पण नेमक्या अपवादाची पाळी कधीच येत नाही.

म्हणून क्लासचे नाव ठरवताना निंदेचा अर्थ सोडावा, व्याकरणाचा धरावा. 'माझाएरर' म्हटल्याने कोणालाच काही कळत नाही. नियम कोणत्या जागी थांबला, ते नावानेच सांगायला हवे.