कुडाची भिंत

वसईच्या माणसाने भिंतींविषयी बोलावे, ते किल्ल्याच्याच! 1739 साली हा दगडी तट फोडायला चिमाजीअप्पांच्या फौजेला सुरुंग लावावे लागले. विरारजवळच्या आमच्या आजोळच्या भिंतीला मात्र म्हशीची पाठ पुरे होई. कारवीच्या काठ्यांचा कूड आणि वर शेणमातीचा लेप. गवंडी नाही की कंत्राटदार नाही. आजी चिखल तुडवी, आजोबा ओट्यावरून सूचना करीत.

पावसाळ्यात भिंत कुठेतरी ढासळायचीच. आजी म्हणे, "पडली तर पडली! माती कुठं पळून गेलीय?" दिवाळीपर्यंत भिंत पुन्हा उभी.

तिकडे डहाणूकडे वारली बायका अशाच भिंती गेरूने सारवून तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहीत. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला कागदावर नेली आणि 2011 साली पद्मश्री मिळवली. भिंतीला कोण विचारतो?

हल्ली मी सिमेंटच्या फ्लॅटात राहतो. भिंतीला ओल आली, की सोसायटीची सभा भरते, ठराव होतो, ओल वाढते. तट फुटला तो फुटलाच; आजीची भिंत दर वर्षी पडूनही उभी राहिली, कारण ती बांधणारी घरातच होती. मला साधा चिखल तुडवता येत नाही.